अठ्ठेचाळिसावा

एका वैद्यकीय शोधनिबंधाच्या समीक्षेतलं वाक्य अगदी साधं होतं. "मजकुरात ४८ रुग्ण आहेत, तक्ता २ मध्ये ४७. उरलेला एक कुठे आहे?" त्याच्या आगेमागे नेहमीच्या सूचना होत्या : प्रस्तावना लांबली आहे, नववा संदर्भ उघडत नाही, निष्कर्षात 'सिद्ध झाले' ऐवजी 'आढळले' म्हणा. विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या एका वैद्यकीय जर्नलची मी सल्लागार आहे. सल्लागार म्हणजे मुलं अडली की मला विचारतात आणि अडली नाहीत की मी आहे हे विसरून जातात. ही समीक्षा माझ्यापर्यंत आली ती लेखकाच्या उत्तरासकट. उत्तर काही मिनिटांतच आलेलं होतं : "चूक दुरुस्त केली आहे. मजकुरातही ४७ केले." लेखक अंतिम वर्षाचा. पुढच्या शिक्षणाच्या अर्जाची मुदत तोंडावर आलेली, आणि त्याआधी निबंध स्वीकारला गेला तर अर्जात एक ओळ वाढणार. समीक्षा करणारी मुलगी दुसऱ्या वर्षाची. दोघांना एकमेकांची नावं माहीत नव्हती, कारण पद्धतच तशी आहे. वाचनालयात कदाचित एकाच टेबलावर समोरासमोर बसत असतील. तिनं परत विचारलं, "४८ चूक होतं आणि ४७ बरोबर, हे कशावरून ठरवलं?"

याला उत्तर आलं नाही, थेट मला फोन आला. "मॅडम, एका आकड्यावरून अडवून धरलंय. निष्कर्ष बघा, त्यात काडीचाही फरक पडत नाही." मी पाहिला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, फरक पडत नव्हता. पण फोन ठेवल्यावर मला त्या आकड्यापेक्षा ती काही मिनिटं खटकत राहिली. मूळ नोंदी काढायच्या, केसपेपर शोधायचे, एक्सेल शीट उघडून ओळी मोजायच्या, तर संध्याकाळ गेली असती. काही मिनिटांत फक्त आठाचा सात होतो. निबंधावर सहा जणांची नावं होती, त्यांत एक गाइडही. सहा जणांच्या नजरेखालून गेलेली विसंगती एका मुलीच्या नजरेला टोचली, आणि ती टोचल्यावर सहाही जणांना आधी सुचली ती मलमपट्टी.

बाहेरच्या माणसाला विद्यार्थी-जर्नल म्हटलं की कॉलेजच्या वार्षिक अंकाचं धाकटं भावंड वाटतं. कविता नसलेलं, एवढंच. प्रत्यक्षात त्याचा सगळा सरंजाम मोठ्या जर्नलसारखा असतो. ओपन जर्नल सिस्टिम्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली, तीत लेखकाचं दार वेगळं, समीक्षकाचं वेगळं, संपादकाचं वेगळं. प्रत्येक निबंधाला क्रमांक, प्रत्येक हालचालीवर तारीख-वेळेचा शिक्का. साहित्यचोरीची तपासणी, एथिक्स कमिटीचं पत्र, रुग्णाचं संमतिपत्र, प्रत्येक लेखकानं नेमकं काय केलं याचा खुलासा. हे सगळं सांभाळणारी मुलं दिवसभर वॉर्डात उभी असतात. संध्याकाळी वाचनालयाच्या कोपऱ्यात एप्रन खुर्चीच्या पाठीवर टाकून बसतात, तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांच्या अंगाला फॉर्मलिनचा वास असतो आणि अंतिम वर्षाच्या मुलांच्या डोळ्यांत झोप. परीक्षा जवळ आली की जर्नल गोठतं. समीक्षकांच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात, तीन-तीन स्मरणपत्रं जातात, आणि शेवटी कुणीतरी मध्यरात्री "उशिराबद्दल क्षमस्व" असं लिहून अर्ध्या पानाची समीक्षा पाठवतं.

पण त्या अर्ध्या पानात कधी कधी असं काही असतं, की नावाजलेल्या जर्नलच्या समीक्षेत मी ते क्वचित पाहिलंय. अनुभवी समीक्षक निबंध वाचत नाही, तो चाळतो. कुठे काय असतं हे त्याला पाठ असतं. सारांश, शेवटचा परिच्छेद, एखादी आकृती, मग थेट मत. विद्यार्थी मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या संदर्भापर्यंत वाचतो, कारण काय सोडून दिलं तरी चालतं हे त्याला अजून कुणी शिकवलेलं नसतं. तो तक्त्यातली बेरीज खरोखर करतो. प्रत्येक संदर्भावर क्लिक करतो. हल्ली या क्लिक करण्याला भलतंच महत्त्व आलंय, कारण यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुरात जगात कधी नव्हतेच असे संदर्भ सापडतात : लेखक खरे, जर्नल खरं, पानांचे आकडे झोकात, फक्त तो निबंध कुणी कधी लिहिलेलाच नाही. मुलं ते शोधून काढतात आणि मग जरा चढ्या आवाजात एकमेकांना दाखवतात. त्या आनंदात थोडा दुष्टपणा असतो, हे मान्य. पण तो वाया जात नाही.

माझं स्वतःचं पहिलं छापलेलं लेखन म्हणजे संपादकाला लिहिलेलं जेमतेम परिच्छेदभर पत्र. ते ज्या अंकात आलं तो अंक हातात घेतल्यावर नव्या शाईचा आणि गुळगुळीत कागदाचा वास आला होता. नाव बारीक टायपात, पानाच्या अगदी तळाशी. ते पान मी इतक्या वेळा उघडलं की अंक पुढे तिथंच आपोआप उघडायला लागला. काही महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं. तेव्हा पद्धत होती. कुणाला निबंधाची प्रत हवी असेल तर छापील कार्ड पाठवायचे, त्यात लेखकाचं नाव आणि निबंधाचं शीर्षक तेवढं हातानं भरलेलं. ज्या देशाचं तिकीट मी कधी पाहिलं नव्हतं तिथल्या कुणा अनोळखी डॉक्टरनं माझं परिच्छेदभर पत्र मागवलं होतं. प्रत पाठवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तरी पाठवली. त्यामुळे नाव छापून यावं म्हणून जीव टाकणाऱ्या मुलांकडे बघून नाक मुरडायचा हक्क मला नाही. ती हौस खरी असते, आणि त्या हौसेवरच बऱ्याच चांगल्या गोष्टी उभ्या राहतात.

१८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी माणसाच्या त्वचेचे काप गोल्ड क्लोराइडनं रंगवत होता. मज्जातंतू दिसावेत म्हणून वापरायची ती पद्धत, ज्यूलियस कोनहाइमकडून घेतलेली. त्वचेच्या वरच्या थरात त्याला फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. मज्जातंतूंच्या रंगात रंगल्या, तेव्हा मज्जासंस्थेच्याच असणार, असं त्यानं मानलं आणि तसं छापलं. ते चूक होतं. त्या शरीराच्या पहारेकरी पेशी, रोगप्रतिकार यंत्रणेतल्या, हे उमगायला शतक उलटावं लागलं. पण त्यानं काढलेलं चित्र बरोबर होतं. पुढच्याच वर्षी डॉक्टरकीच्या प्रबंधासाठी त्यानं स्वादुपिंड घेतलं, आणि त्यात इकडेतिकडे विखुरलेले लहान बहुकोनी पेशींचे पुंजके टिपले. त्यांचं काम काय? ते आपल्याला सांगता येत नाही, असं त्यानं सरळ कबूल केलं. वय २१. त्या पुंजक्यांना 'लँगरहान्सची बेटं' हे नाव मिळालं १८९३ मध्ये, लागेस नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाकडून. त्या बेटांमधून इन्सुलिन निघतं हे टोरांटोला १९२१-२२ मध्ये हाती लागलं, तेव्हा ते शोधणाऱ्या डॉ. बँटिंगच्या जोडीला होता नुकताच पदवी घेतलेला चार्ल्स बेस्ट. मधली पन्नासहून अधिक वर्षं एका विद्यार्थ्याचं "माहीत नाही" पक्क्या उत्तरावाचून छापलेलं होतं. आजच्या एखाद्या समीक्षकानं त्याला विचारलं असतं, की याचा क्लिनिकल उपयोग काय? आणि निबंध परत पाठवला असता.

विद्यार्थ्याला न जुळणाऱ्या गोष्टी दिसतात, त्याचं कारण तो हुशार असतो असं नव्हे. काय जुळायला हवं हे त्याला अजून नीट ठाऊक नसतं, हे खरं कारण.

जे मॅकलीन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याची गोष्ट मी दर वर्षी नव्या संपादक मंडळाला सांगते. जॉन्स हॉपकिन्समध्ये तो वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होता, विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत. त्याला काम मिळालं होतं रक्त गोठवणाऱ्या पदार्थाचं. मेंदूतून काढलेला सेफॅलिन रक्त गोठवतो, तो शुद्ध करून पाहा. त्याच्या जोडीनं त्यानं यकृताचे आणि हृदयाचेही अर्क काढले. ते जुने होत गेले तसतशी त्यांची रक्त गोठवायची ताकद कमी होत गेली, आणि पुढे उलटंच घडायला लागलं, रक्त गोठेचना. नंतरच्या आयुष्यात त्यानं सांगितलेली हकिगत अशी, की हॉवेल यांचा विश्वास बसला नाही. तेव्हा त्यानं मांजराच्या रक्ताचा पेला त्यांच्यासमोर ठेवला, त्यात आपला अर्क घातला आणि म्हणाला, हे गोठलं की मला सांगा. ते गोठलं नाही. १९१६ मध्ये त्याचा निबंध छापून आला. शीर्षक मात्र सेफॅलिनच्या रक्त गोठवण्याच्या गुणाबद्दलचं, म्हणजे ज्या कामासाठी त्याला नेमलं होतं त्याबद्दलचं. रक्त न गोठण्याची गोष्ट आत कुठेतरी, जाता जाता केलेली. हॉवेल यांनी पुढे १९१८ मध्ये 'हेपरिन' हे नाव दिलं. आज हृदयाची शस्त्रक्रिया असो की डायलिसिस, हेपरिनशिवाय पान हलत नाही. हा शोध आपला, हे पटवून देण्यात मॅकलीनची उतारवयातली बरीच वर्षं गेली. ही गोष्ट सांगताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पेला ठेवण्याच्या प्रसंगाला डोळे चमकतात. श्रेयाचा भाग आला की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात, कारण तो त्यांना चांगलाच ओळखीचा असतो.

श्रेयाचं हे घोडं फार जुन्या काळापासून तिथंच पेंड खातंय. १८३५ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात पहिल्या वर्षाला असलेल्या जेम्स पॅजेटला शवविच्छेदनात स्नायूंमध्ये बारीक पांढरे ठिपके दिसले. ते त्याच्या आधीही लोकांना दिसले होते. हाडाचे कण असतील म्हणून सोडून दिले होते, शवविच्छेदनाच्या सुरीची धार बोथट करतात एवढीच त्यांची दखल. पॅजेटनं सूक्ष्मदर्शक मिळवायची खटपट केली, ब्रिटिश म्युझियममधल्या रॉबर्ट ब्राऊन यांच्याकडे तो मिळाला, आणि ठिपक्यात गुंडाळी होऊन पडलेला किडा दिसला. त्यानं ही हकिगत विद्यार्थ्यांच्या अॅबरनेथियन सोसायटीत वाचली. त्याच महिन्यात शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्या किड्याचं शास्त्रीय वर्णन झूऑलॉजिकल सोसायटीत वाचलं, त्याला नाव दिलं, आणि शोधही कित्येक वर्षं ओवेन यांच्याच नावावर चालला. त्याच्या आठ वर्षं आधी एडिंबरामध्ये वैद्यकी शिकणाऱ्या, म्हणजे शिकायचं टाळणाऱ्या, चार्ल्स डार्विनचं असंच झालं होतं. समुद्रकिनाऱ्यावर सापडलेल्या काही सूक्ष्म जीवांबद्दलची आपली निरीक्षणं त्यानं २७ मार्च १८२७ ला विद्यार्थ्यांच्या प्लिनियन सोसायटीत मांडली. त्याचे मार्गदर्शक रॉबर्ट ग्रँट यांनी त्यातलाच काही ऐवज तीन दिवस आधी थोरामोठ्यांच्या वर्नेरियन सोसायटीत मांडून टाकला होता. मला यात गंमत वाटते ती अशी, की दोन्ही वेळा आपल्याकडे पुरावा उरलाय तो विद्यार्थ्यांच्या सभेमुळे. थोरांच्या सभेत नाव थोरांचं लागलं, पण मुलांच्या सभेच्या नोंदवहीत मुलाचं नाव राहून गेलं.

उलट उदाहरणंही आहेत, नाही असं नाही. १९०६ च्या उन्हाळ्यात शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ बायकोबरोबर सायकलवरून फिरून परत आले, तर मार्टिन फ्लॅक हा त्यांचा विद्यार्थी त्यांची वाटच बघत होता. चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या, जमिनीत बिळं करणाऱ्या मोल या प्राण्याच्या हृदयाचे काप तो तपासत होता, आणि उजव्या कर्णिकेच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या, तोंडाशी त्याला एक वेगळीच रचना दिसली होती. हृदयाचा ठोका जिथून सुरू होतो ती गाठ. १९०७ च्या निबंधावर दोघांची नावं आहेत आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकांत आजही दोघांच्या नावानं ती ओळखली जाते. गाइडनं मनात आणलं तर एवढं सोपं असतं ते.

आता लेखक कुणाला म्हणायचं याचे नियम छापील आहेत. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं चार अटी घातल्या आहेत आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात : कामात भरीव वाटा, लेखनात किंवा चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि प्रश्न उभा राहिला तर जबाबदारी घ्यायची तयारी. चौथी अट सगळ्यांत जड आणि सगळ्यांत दुर्लक्षित. 'उरलेला एक कुठे आहे' याचं उत्तर देणं त्या चौथ्या अटीखाली येतं, आणि सहा जणांपैकी उत्तर द्यायला कुणीच पुढे येत नाही तेव्हा ती सहा नावं तिथं कशासाठी आहेत हा प्रश्न विचारावासा वाटतो. पण विचारायचा कुणी? विभागप्रमुखांचं नाव का घातलं, असं दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं अंतिम वर्षाच्या मुलाला विचारणं ही अळीमिळी गुपचिळीची जागा आहे. आमच्या जर्नलनं वाटा-नोंदीचा रकाना ठेवलाय. त्यात 'मार्गदर्शन' हा शब्द इतक्या वेळा येतो, की तो वगळावा असा ठराव एकदा मंडळात आला होता. तो मंजूर झाला नाही.

हे सगळं घाईनं केलंय. मुलांना दोष देऊन काय उपयोग? अमेरिकेतल्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा २६ जानेवारी २०२२ पासून नुसता उत्तीर्ण-अनुत्तीर्ण झाला, तेव्हाच लोक म्हणाले होते की गुणांची मोजपट्टी गेली, आता निबंधांची येणार. जिथं जिथं जागा थोड्या आणि उमेदवार फार, तिथं कुठली तरी मोजता येणारी गोष्ट हवीच असते, आणि निबंध मोजता येतात. मग मुलं विषय कसा निवडतात? एकानं मला मोकळेपणानं विचारलं होतं, "मॅडम, लवकर छापून येईल असा विषय सांगा ना." काय कळून घ्यायचंय हा प्रश्न त्या वाक्यात कुठेच नव्हता, आणि त्यात काही खटकण्यासारखं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. पंधरवड्यात उरकलेले सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या आधीच्या अभ्यासांचे आढावे, एकाच प्रश्नावलीचे तीन तुकडे करून तीन निबंध, रुग्णाला न विचारता रचलेले केस रिपोर्ट. त्यात ते ईमेल : "आपल्या अमूल्य संशोधनानं आम्ही भारावून गेलो आहोत, बहात्तर तासांत स्वीकृती." ज्याच्या नावावर एका परिषदेतला एक सारांश आहे त्या पोराला हे भारावलेपण येतं, आणि पहिल्यांदा येतं तेव्हा ते खरं वाटतं. पैशासाठी काहीही छापणाऱ्या अशा प्रकाशकांची यादी जेफ्री बील नावाचा ग्रंथपाल ठेवायचा. जानेवारी २०१७ मध्ये त्यानं ती उतरवली. ईमेल मात्र थांबले नाहीत.

डग्लस ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञानं १९९४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक संपादकीय लिहिलं होतं. संशोधन कमी हवं, अधिक चांगलं हवं, आणि योग्य कारणासाठी केलेलं हवं, असं त्याचं सार. वैद्यकीतलं बरंच निकृष्ट संशोधन हे बढतीसाठी आणि बायोडेटासाठी करायला लावल्यामुळे होतं, असा त्याचा रोख. तेव्हापासून हे वाक्य सगळे मान डोलावून उद्धृत करतात आणि आपापला पुढचा निबंध पाठवतात. विद्यार्थी-जर्नलांवर आक्षेप येतो तो याच बाजूनं : आधीच ढीग झालाय, त्यात पोरांची भर कशाला? मला हा आक्षेप निम्मा पटतो. छापण्यासाठी आणखी एक जागा, एवढाच विद्यार्थी-जर्नलचा अर्थ असेल तर ते बंद केलेलं बरं. वकिलीत वेगळं आहे. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू १८८७ पासून विद्यार्थी चालवतात आणि तिथं आपला लेख यावा म्हणून प्राध्यापक रांग लावतात. वैद्यकीत असं कधी होणार नाही, आणि होऊही नये. औषधाचा डोस ठरवणारा निबंध विसाव्या वर्षी तपासायची गोष्ट नाही. पण तक्ता तपासायचा, लेखकाला न घाबरता पत्र लिहायचं, नकार कळवताना समोरचा मोडणार नाही असे शब्द शोधायचे, आणि आपलाच निबंध लाल होऊन परत आला की दोन दिवस घुम्यासारखं बसून तिसऱ्या दिवशी तो उघडायचा, हे विसाव्या वर्षीच शिकायचं. चाळिसाव्या वर्षी ते कुणी शिकत नाही. तोवर कातडी जाड झालेली असते.

शिवाय ही जर्नलं टिकत नाहीत, हेही सांगायला हवं. टोरांटो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचं जर्नल १९२३ पासूनचं आहे, क्युबाच्या विद्यार्थ्यांचं 'सोळा एप्रिल' १९६१ पासूनचं. पण ते अपवाद. एरवी संपादक पदवी घेऊन जातो, त्याच्याबरोबर पासवर्ड जातो, डोमेनचे पैसे भरायचे राहतात, आणि एके दिवशी दुवा उघडत नाही. २००० ते २०१९ या काळात १७६ मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारी, जर्नलं इंटरनेटवरून साफ नाहीशी झाली, असं एका अभ्यासात मोजलं गेलंय. ही काही सगळी विद्यार्थ्यांची नव्हेत, पण कारणं ओळखीची आहेत. गंमत अशी, की लेखकाला आम्ही बजावत असतो, छापलेलं कायम राहतं, विचार करून पाठव. ते कायम राहील याची सोय मात्र दर वर्षी नव्या मुलांच्या हाती. मी सल्लागार म्हणून खरं काम करते ते एवढंच : पासवर्ड दोन ठिकाणी लिहून ठेवते आणि जुन्या अंकांच्या प्रती जपणूक-जाळ्यात, म्हणजे अनेक ठिकाणी प्रती साठवणाऱ्या संगणकांत, जातात की नाही ते बघते. बाकी त्यांचं ते बघतात.

त्या ४८ चं पुढे काय झालं? मी लेखकाला मूळ शीट काढायला सांगितलं. कुरकुरत का होईना, त्यानं काढली. अभ्यास होता भरती होतानाच्या रक्तातल्या पोटॅशियमचा. एका रुग्णाचा नमुना हिमोलाइज झाला होता, म्हणजे सुईतून येतानाच तांबड्या पेशी फुटल्या होत्या. फुटलेल्या पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच चढतो, म्हणून लॅबनं तो नमुना टाकून दिला; ते योग्यच केलं. दुसरा नमुना कुणी पाठवला नाही. रुग्ण ४८ होते, निकाल ४७. दोन्ही आकडे बरोबर होते. म्हणजे मजकुरात ४७ करणं ही दुरुस्ती नव्हतीच, एक माणूस पुसणं होतं. लेखकानं निबंधात एक ओळ घातली आणि आता तरी सुटलो म्हणून परत पाठवला. समीक्षकाचा आणखी एक प्रश्न आला : "नमुना हिमोलाइज सहसा कोणाचा होतो?"

हा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ बसले. ज्याची शीर मिळत नाही, ज्याला पुन्हा पुन्हा टोचावं लागतं, जो थंडगार पडलाय, सुजलाय, ज्याचा रक्तदाब खाली गेलाय, त्याचा. म्हणजे जो जास्त आजारी असण्याची शक्यता आहे त्याचा. तेव्हा गळलेला रुग्ण हा कुठलाही एक रुग्ण नसतो; गळणारे बहुधा एकाच बाजूचे असतात, आणि भरती होतानाचे आकडे त्यामुळे आहेत त्यापेक्षा सौम्य दिसू शकतात. एका रुग्णावरून असा निष्कर्ष काढता येत नाही, हे तिलाही कळत होतं. तिनं तसं लिहिलंही होतं, फक्त मर्यादांच्या परिच्छेदात याचा उल्लेख असावा एवढीच तिची विनंती होती. संख्याशास्त्राच्या पुस्तकात याला नाव आहे, व्याख्या आहे. तिनं ते प्रकरण अजून वाचलेलं नव्हतं, असं तिनं मला नंतर सांगितलं. बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये परत आलेल्या गुलाबी नळ्या तिनं पाहिल्या होत्या, आणि त्या कुठल्या वॉर्डातून येतात हे तिच्या लक्षात राहिलं होतं.

निबंध छापून आला तो पुढच्या अंकात. लेखकाच्या अर्जाची मुदत तोवर उलटून गेली होती. तो नंतर मला जिन्यात भेटला, नेहमीसारखा नम्र, आणि म्हणाला, "मॅडम, राग नाही, पण तुमच्या जर्नलमुळे माझं नुकसान झालं." मी त्याला निबंध किती चांगला झाला ते सांगायला लागले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तो अर्ज वाचणाऱ्यांना हे कुठून कळणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. जे जर्नल त्याच्या उपयोगी पडायला हवं होतं त्यानंच त्याला थांबवलं, आणि थांबवणं बरोबर होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांतल्या एकीचीच किंमत त्याला मोजावी लागली.

ती मुलगी या वर्षी संपादक मंडळात आहे. आल्या आल्या तिनं निबंध पाठवायच्या फॉर्ममध्ये एक रकाना घातला : सुरुवातीला किती रुग्ण, शेवटी किती, मधले कुठे गेले. औषधांच्या चाचण्यांसाठी असा तक्ता १९९६ पासून मागतात, मग आपल्या छोट्या अभ्यासांना काय धाड भरलीये, असा तिचा युक्तिवाद. मंडळातले बाकीचे म्हणाले, लेखक पळून जातील. काही गेलेही. शेजारच्या टेबलावर बहात्तर तासांत स्वीकृती मिळत असताना आमचा लांबलचक फॉर्म कोण भरणार? या खेपेचा अंक त्यामुळे पातळ निघणार आहे, आणि रकाना ठेवायचा की काढायचा यावर परवाच्या बैठकीत पुन्हा भांडण झालं. तूर्त तो आहे. संपादकीय कुणी लिहायचं ते मात्र ठरलेलं नाही. परीक्षा झाल्यावर बघू, म्हणतात.